‘ते माझ्या खात्यात येत नाही’ : बेन जॉन्सन यांचे प्रकरण

१९५० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या यूटा राज्यातील मोआब गावाच्या परिसरात ‘रिओ ग्रांदे’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या तळावर रात्रीचे जेवण हा जवळजवळ एक विधीच असे. मंडळी एकत्र जेवत आणि टेबलावर अधिकार एकट्या फोर्ड यांचा चाले. अशाच एका जेवणाच्या वेळी बत्तीस वर्षांचे नट बेन जॉन्सन आपल्या मित्राला हळूच म्हणाले की, आज गोळ्या तर भरपूर झाडल्या गेल्या, पण घोड्यावरून पडलेले मात्र फारसे कोणी दिसले नाही. फोर्ड यांच्या कानावर ते अर्धवट गेले आणि काय म्हणालास ते पुन्हा सांग, असे त्यांनी फर्मावले. आपण मित्राशी बोलत होतो, एवढेच उत्तर मिळाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत जॉन्सन यांना मूर्ख म्हटले. जॉन्सन जेवणावरून उठले, जाताजाता फोर्ड यांच्यापाशी थांबले, आपल्या चित्रपटाचे त्यांनी काय करावे ते मोजक्या आणि छापता न येणाऱ्या शब्दांत सांगितले आणि निघून गेले. त्यांचे मित्र म्हणजे नट हॅरी केरी धाकटे, आणि ही हकीगत आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती प्रामुख्याने या दोघांकडूनच.

चित्रपट पुरा झाला. परंतु त्यानंतर फोर्ड यांच्या चित्रपटात जॉन्सन पुन्हा दिसले ते एकदम १९६४ साली, ‘शायेन ऑटम’मध्ये. मधल्या चौदा वर्षांत फोर्ड यांनी आपले काही सर्वांत गाजलेले चित्रपट काढले आणि त्यांपैकी एकातही हा घोडेस्वार नव्हता. त्या जेवणाच्या आधीच्या दोन वर्षांत जॉन्सन यांनी दोन चित्रपटांत नायकाचे काम केले होते. तेव्हा साहसदृश्ये करणारा एक माणूस नायकपदाच्या उंबरठ्यापर्यंत कसा पोहोचला, तेथून तो परत का फिरला, आणि परत फिरणे हे नुकसान म्हणायचे की निवड, हा या प्रकरणाचा विषय आहे.

घोड्यांच्या डब्यातून हॉलिवूड

जॉन्सन यांचा जन्म १३ जून १९१८ रोजी ओक्लाहोमा राज्यातील फोरेकर या लहानशा वस्तीत, ओसेज परगण्यात झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव बेन जॉन्सनच, एका मोठ्या रँचचा, म्हणजे गुरे-घोडे पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणाचा, कारभार पाहत आणि धावत्या जनावरावर फास टाकण्याच्या स्पर्धांतले नावाजलेले विजेते होते. मुलाने लहानपणापासून गुरे हाकण्याचे, घोडे माणसाळवण्याचे आणि दोरी फेकण्याचे काम केले. त्याची मजुरी दिवसाला एक डॉलर होती, असे ते पुढे सांगत.

१९४०च्या सुमारास उद्योगपती हॉवर्ड ह्यूज आपल्या ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी घोडे शोधत होते. त्यांनी जॉन्सन यांच्या वडिलांच्या देखरेखीखालच्या रँचवरून घोडे विकत घेतले आणि ते आधी अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफला चित्रीकरणासाठी आणि तेथून हॉलिवूडला पोहोचवण्याचे काम या मुलावर सोपवले. आपण हॉलिवूडला घोड्यांनी भरलेल्या डब्यातून आलो, असे जॉन्सन आयुष्यभर हसत सांगत असत. पहिला धनादेश तीनशे डॉलरचा निघाला आणि त्यानंतर कोणी सोटा घेऊन मागे लागले असते तरी आपण ओक्लाहोमाला परतलो नसतो, अशी त्याची पुस्ती असे. हे आकडे त्यांच्याच तोंडचे आहेत आणि वर्षानुवर्षे सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीतले आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावेत. पण रँचवरची मजुरी आणि स्टुडिओचा पैसा यांत किती अंतर होते, ते त्यांतून पुरेसे कळते.

१९४१ साली त्यांनी कॅरल जोन्स यांच्याशी विवाह केला. हा तपशील निव्वळ कौटुंबिक नाही. कॅरल यांचे वडील क्लॅरन्स जोन्स, ज्यांना सगळे ‘फॅट जोन्स’ म्हणत, हे हॉलिवूडला घोडे, गाड्या आणि खोगिरे पुरवणाऱ्या एका मोठ्या तबेल्याचे मालक होते. काउबॉयपटांच्या त्या काळात अशा तबेल्याशी सोयरीक असणे म्हणजे कामाच्या उगमापाशीच घर असण्यासारखे होते. पडद्यावर नाव असो वा नसो, घोडा लागणार आणि घोड्याबरोबर तो हाताळणारा माणूसही लागणार. जॉन्सन यांच्या पुढच्या वागण्यात जो बेडरपणा दिसतो, त्याचे एक मूळ स्वभावात असेल, पण दुसरे या तबेल्यात आहे, असे मला वाटते.

पाठ दाखवण्याचा धंदा

सात-आठ वर्षे त्यांनी घोडे सांभाळणे आणि बड्या नटांच्या जागी घोड्यावर बसणे, ही कामे केली. आपल्याकडे मुंबईच्या चित्रसृष्टीत ज्याला ‘डुप्लिकेट’ म्हणतात, तेच हे काम. त्याची एक विचित्र अट असते. नटाला कॅमेऱ्याकडे तोंड करावे लागते आणि डुप्लिकेटला ते लपवावे लागते. तो उत्तम पडला, उत्तम दौडला, उत्तम उलथला, तरी प्रेक्षकाने ‘हा कोण?’ असे विचारता कामा नये. त्यामुळे या धंद्यात माणूस जितका कुशल, तितका अदृश्य होत जातो. दहा वर्षांच्या कामानंतरही दाखवायला स्वतःचा म्हणावा असा एक चेहरा नसतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे जे थोडे मार्ग होते, ते इतरांच्या उदाहरणांवरून दिसतात. याकिमा कॅनट हे या धंद्याचे पितामह. १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोड्यांच्या मधून खाली पडून गाडीखालून निघून जाणारी जी साहसदृश्ये आजही अभ्यासली जातात, ती त्यांची. ते पुढे साहसदृश्यांचे दिग्दर्शक झाले, ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत त्यांनी उभी केली, आणि १९६७ साली त्यांना मानद ऑस्कर मिळाले. रिचर्ड फार्न्सवर्थ यांनी तीसहून अधिक वर्षे निनावी साहसे केली आणि उतारवयात ते अभिनेते म्हणून ओळखले गेले. एकजण कॅमेऱ्यामागे गेला, तर दुसऱ्याने म्हातारपणाची वाट पाहिली. जॉन्सन यांना तिसरी वाट मिळाली आणि ती अपघाताने मिळाली.

फोर्ड यांच्या ‘फोर्ट अपाची’ या १९४८च्या चित्रपटात ते हेन्री फोंडा यांच्याऐवजी घोड्यावर बसत होते. चित्रीकरण चालू असताना तीन माणसे बसलेल्या एका गाडीचे घोडे बुजले आणि चौखूर उधळले. जॉन्सन तेव्हा खोगिरावरच होते. त्यांनी घोडा भरधाव सोडला, गाडी गाठली आणि उधळलेली जनावरे थोपवली, तिघेही वाचले. याचे बक्षीस मिळेल, असे फोर्ड म्हणाले. जॉन्सन यांची अपेक्षा आणखी एखाद्या डुप्लिकेटच्या कामाची, फार तर दोन वाक्यांच्या भूमिकेची होती. फोर्ड यांनी कार्यालयात बोलावून हातात पाकीट ठेवले, त्यात सात वर्षांचा अभिनयाचा करार होता. पाचव्या ओळीत ‘आठवड्याला पाच हजार डॉलर’ हे शब्द दिसताच आपण वाचणे थांबवले, लेखणी उचलली आणि सही करून कागद परत दिला, असे ते मुलाखतींत सांगत.

फोर्ड यांनी पुढे जे केले, त्यात या दिग्दर्शकाची खरी नजर दिसते. जॉन्सन यांना अभिनय येत नव्हता आणि त्यांनी तो येत असल्याचा आवही आणला नव्हता. तेव्हा फोर्ड यांनी त्यांना अभिनय शिकवण्याऐवजी घोडा दिला. मोन्युमेंट व्हॅलीत रंगीत छायाचित्रण केलेल्या ‘शी वोर अ यलो रिबन’ या १९४९च्या चित्रपटात त्यांना सार्जंट टायरी ही भूमिका मिळाली. पाठलाग करणाऱ्या टोळीपुढे हा टायरी दौडत येतो, घळीवरून घोडा उडवतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर धावत असतो. डुप्लिकेटच्या दृश्यात दौड संपली की चित्र तोडून नटाचा चेहरा जोडावा लागतो. येथे तोडण्याची गरजच नव्हती, कारण दौडणारा आणि बोलणारा माणूस एकच होता. प्रेक्षकाला हा फरक सांगता येत नसेल, पण जाणवत होता. दौड खरी असल्यामुळे दौडीनंतर तो जे चार शब्द बोले, तेही खरे वाटत. या टायरीच्या तोंडी एक पालुपद आहे. वरिष्ठ अधिकारी काही विचारू लागला की तो आपले मत देतो, किंवा ‘ते माझ्या खात्यात येत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. हे पालुपद जॉन्सन यांच्या एकंदर कारकिर्दीचे शीर्षक शोभले असते.

‘माइटी जो यंग’ या १९४९च्या चित्रपटात ते नायक झाले. त्यात काउबॉय मंडळी घोड्यांवरून एका महाकाय गोरिलावर फास टाकतात. गोरिला विलिस ओब्रायन आणि रे हॅरीहाउसेन यांनी बाहुल्यांच्या चलचित्रणातून जिवंत केलेला. ‘वॅगन मास्टर’मध्ये (१९५०) फोर्ड यांनी त्यांना हॅरी केरी धाकटे यांच्या साथीने मध्यवर्ती भूमिका दिली. त्यात फोर्ड यांचे नेहमीचे नायक जॉन वेन नाहीत, कोणीही बडा नट नाही. घोडे विकून पोट भरणारे दोन तरुण आणि वाट शोधणारा एक तांडा, एवढेच आहे. माझ्या मते जॉन्सन यांचे त्या काळातले सर्वांत चांगले काम येथे आहे, कारण येथे ते काही सिद्ध करायला निघालेले नाहीत. ‘रिओ ग्रांदे’साठी त्यांनी आणि केरी यांनी दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौडण्याची रोमन पद्धत शिकून घेतली आणि ती पडद्यावर स्वतः करून दाखवली. त्याच चित्रीकरणात ते जेवण घडले.

१९५३

त्या रात्रीचा उलगडा ‘स्वाभिमान’ या एका शब्दात करता येतो आणि बहुतेक लिहिणारे तो तसाच करतात. मला तो अपुरा वाटतो. फोर्ड यांचा अपमान गिळलेले स्वाभिमानी नट कमी नव्हते. जॉन वेन स्वतः वर्षानुवर्षे तो गिळत होते. फरक असा की, वेन यांना चित्रपटाबाहेर दुसरा धंदा नव्हता, आणि जॉन्सन यांना तो होता. नट म्हणून बोलावणे आले नाही तर ते उद्या पुन्हा डुप्लिकेट होऊ शकत होते, घोडे पुरवू शकत होते, किंवा दोरी उचलून रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या घोडेस्वारीच्या आणि दोरफेकीच्या स्पर्धांत, उतरू शकत होते. निदान त्यांची समजूत तशी होती, आणि तीन वर्षांनी त्यांनी ती तपासून पाहिली.

मधल्या काळात ते बेकार नव्हते. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या ‘शेन’मध्ये त्यांनी क्रिस कॅलवे हा गुरांच्या मालकाचा गडी केला. तो आधी नायकाची टर उडवतो, मार खातो, आणि शेवटी त्याच नायकाला धोक्याची सूचना द्यायला येतो. मोजक्या दृश्यांत माणसाचे मन पालटलेले दाखवायचे होते आणि ते त्यांनी जवळजवळ न बोलता दाखवले. ‘शेन’ १९५३ साली प्रदर्शित झाला आणि प्रचंड गाजला. हिशेबी नटाने अशा वेळी हॉलिवूड सोडले नसते. जॉन्सन यांनी ते वर्ष रोडिओला द्यायचे ठरवले.

ज्यात त्यांनी भाग घेतला तो ‘टीम रोपिंग’ हा प्रकार दोन घोडेस्वारांचा असतो. सुटलेल्या गोऱ्ह्यामागे दोघे दौडतात. एकजण शिंगांवर फास टाकून त्याला वळवतो, दुसरा मागच्या पायांत फास अडकवतो, आणि दोन्ही दोऱ्या ताणल्या जाऊन जनावर मधोमध अडकले की घड्याळ थांबते. सगळा खेळ काही सेकंदांचा. मात्र एका गावाहून दुसऱ्या गावी घोडा लादून नेणे, प्रवेशशुल्क भरणे, वैरण, इंधन, मुक्काम हे सारे स्पर्धकाच्या खिशातून होते. जिंकला तर बक्षीस, हरला तर पुढचे गाव.

जॉन्सन त्या वर्षी टीम रोपिंगचे विश्वविजेते झाले. वडिलांसारखे विजेतेपद मिळवावे, ही लहानपणापासूनची इच्छा पुरी झाली. वर्षाअखेरीस आपण घरी परतलो तेव्हा विजेतेपद होते, पण खिशात तीन डॉलरसुद्धा नव्हते. होती ती खिळखिळी झालेली मोटार आणि संतापलेली बायको, असे ते सांगत.

या विनोदाखाली प्रकरणाचा खरा हिशेब आहे. जगात पहिला आला, तरी खर्च वजा जाता हातात काही उरले नाही. घोडा आणि दोरी यांच्या बळावर माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, ही त्यांची समजूत अर्धीच खरी ठरली होती. ‘नाही’ म्हणता येत होते, पण त्यानंतर जगायला पुन्हा स्टुडिओच्याच दाराशी यावे लागत होते. ते आले, आणि यापुढची वीस वर्षे त्यांनी ज्या तडजोडीवर काढली, ती या एका वर्षात ठरली असावी. नायकपदामागे धावायचे नाही, रोडिओवर पोट अवलंबून ठेवायचे नाही, दुय्यम भूमिका मिळतील तशा करायच्या आणि गरज पडेल तेथे डुप्लिकेटचे काम करायलाही लाजायचे नाही.

दुय्यम भूमिकांचा गडी

मार्लन ब्रँडो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वन-आइड जॅक्स’मध्ये (१९६१) ते नीच वृत्तीचा दरोडेखोर झाले, सुस्वभावी घोडेस्वाराच्या चेहऱ्याखाली क्रौर्यही बसू शकते, हे तेथे पहिल्यांदा नीट दिसले. दूरचित्रवाणीवर ‘लॅरमी’, ‘बोनान्झा’ यांसारख्या मालिकांत ते येऊन जात. दिग्दर्शक सॅम पेकिनपा यांनी त्यांना चार चित्रपटांत घेतले. ‘द वाइल्ड बंच’मध्ये (१९६९) वॉरन ओट्स आणि ते, टोळीतले दोन भाऊ, शेवटच्या संहाराकडे शेजारी-शेजारी चालत जातात. ‘ज्युनिअर बॉनर’मध्ये (१९७२) त्यांची भूमिका रोडिओला जनावरे पुरवणाऱ्याची होती, म्हणजे जवळजवळ आपल्या गोतातल्याच माणसाची. वेन यांच्या ‘द अनडिफीटेड’ आणि ‘चिझम’मध्येही ते दिसतात. बाकीच्या नोंदी मोजत बसण्यात अर्थ नाही. त्यांतल्या पुष्कळ कामांत ते घोड्यावर बसतात, उतरतात, दोन वाक्ये बोलतात आणि जातात.

नायक न होण्याचा एक फायदा येथे दिसतो. चित्रपट पडला तर नायक पडतो; सार्जंट किंवा टोळीतला तिसरा माणूस पडत नाही. काउबॉयपटांचे मोठे नायक एकामागून एक थकत होते, तेव्हा जॉन्सन यांना काम मिळतच होते.

१९७० साली तरुण दिग्दर्शक पीटर बोगडॅनोविच यांना टेक्सासातील एका ओस पडत चाललेल्या गावावरच्या ‘द लास्ट पिक्चर शो’मधल्या (१९७१) सॅम ‘द लायन’ या भूमिकेसाठी जॉन्सनच हवे होते. सॅम हा गावातले चित्रपटगृह, बिलियर्डचा अड्डा आणि खाणावळ चालवणारा वयस्क माणूस. जॉन्सन यांनी नकार दिला, आणि एकदा नव्हे. बोलायचे फार आहे, ही एक तक्रार. शिव्या आणि अश्लील शब्द फार आहेत, ही दुसरी. बोगडॅनोविच तेव्हा फोर्ड यांच्यावर माहितीपट करत होते आणि त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. त्यांनी फोर्ड यांना मध्यस्थी करायला सांगितले. म्हाताऱ्याने दूरध्वनी करून जॉन्सन यांना विचारले की, तुला जन्मभर वेनचा जोडीदार म्हणूनच राहायचे आहे का? ज्याने एकेकाळी सगळ्यांसमोर मूर्ख ठरवले, त्याच्याच शब्दावर जॉन्सन तयार झाले, पण आपल्या तोंडचे न आवडणारे शब्द बदलू देण्याची अट घालूनच.

या भूमिकेत ते एकदाही घोड्यावर बसत नाहीत. तीस वर्षे घोड्याने त्यांना पडद्यावर धरून ठेवले होते, आणि येथे फक्त एक थकलेला माणूस गावाबाहेरच्या तळ्याकाठी मुलांशेजारी बसून बोलतो. वीसेक वर्षांपूर्वी आपण एका तरुण स्त्रीला येथे पोहायला आणले होते, तिला घोड्यांसह तळे पार करायची लहर आली, आणि तिने चांदीच्या डॉलरची पैज लावली, असे तो सांगतो. घोडा चित्रात नाही, आठवणीत आहे. पण बोलणारा माणूस पाण्यात घोडा घालणे म्हणजे काय ते जाणतो, हे त्याच्या डोळ्यांत दिसते. फोर्ड यांनी टायरीच्या दौडीत जी खात्री पकडली होती, ती बोगडॅनोविच यांनी बसलेल्या माणसात पकडली. सॅम पडद्यावर जेमतेम दहा मिनिटे आहे आणि त्याचे मरणही आपण ऐकतो, पाहत नाही.

एप्रिल १९७२मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. स्पर्धेत त्याच चित्रपटातले जेफ ब्रिजेसही होते. हे बक्षीस याहून भल्या माणसाला मिळालेच नसते, अशी स्वतःचीच थट्टा त्यांनी मंचावर केली. रोडिओचे विश्वविजेतेपद आणि ऑस्कर ही दोन्ही नावावर असणारा दुसरा माणूस नाही, असे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. ऑस्करनंतर त्यांचे मानधन वाढले. भूमिकांचा प्रकार बदलला नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘द शुगरलँड एक्सप्रेस’मधला (१९७४) पोलीस कॅप्टन हा त्या काळातला त्यांचा सर्वांत संयत माणूस. त्याला गोळी झाडणे टाळायचे असते आणि ते टाळता येत नाही.

मग १९५०च्या त्या रात्री त्यांचे नुकसान झाले का? चौदा वर्षांत फोर्ड यांनी काढलेल्या चित्रपटांचा विचार केला, तर झाले. टायरीसारख्या आणखी चार भूमिका त्या काळात त्यांच्या वाट्याला आल्या असत्या. पण त्या आल्या असत्या तर १९७० साली बोगडॅनोविच यांना हवा होता तो चेहरा उरला असता का, याची मला शंका आहे. फोर्ड यांच्या तालमीत सतत राहिलेल्या नटांवर त्यांचा ठसा इतका गडद बसे की पुढे दुसऱ्याला त्यावर काही लिहिता येत नसे. जॉन्सन दोन दशके कोपऱ्यात उभे राहिले, त्यामुळे त्यांचा चेहरा कोणाचाच झाला नाही.

अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने साहसदृश्यांच्या रचनेसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय एप्रिल २०२५मध्ये जाहीर केला. ते पहिल्यांदा दिले जाईल २०२८ साली. जॉन्सन यांच्या हयातीत असे काही नव्हते. ८ एप्रिल १९९६ रोजी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे आईला भेटायला गेले असताना वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, आणि दफन ओसेज परगण्यातील पॉहस्का येथे झाले. ‘द इव्हनिंग स्टार’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्याच वर्षी त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. तोही लॅरी मॅकमर्ट्री यांच्या कादंबरीवरचा, म्हणजे सॅम ‘द लायन’ ज्यांच्या लेखणीतून उतरला त्यांच्याच. आणि त्यातही जॉन्सन यांची भूमिका साहाय्यकच होती.